रोख्यांचा इंडेक्स फंड: अवघड की नुसता अनोळखी?

जून २०२२ मधली गोष्ट. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ, सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झालेली, संध्याकाळी मोबाइल हातात घेऊन दारात उभे. "अहो, हे जरा बघा. बँकेतला तो मुलगा म्हणाला होता, काका, ह्यात शेअर-बिअर काही नाही, सगळे सरकारी रोखे. मग हे उणे कशाला दाखवतंय?" आदल्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी चार लाख रुपये एका टार्गेट मॅच्युरिटी इंडेक्स फंडात ठेवले होते. पडद्यावर तीन लाख एक्क्याण्णव हजार आणि काहीशे रुपये दिसत होते. आकडा लाल.

"हे आपल्यासारख्यांचं काम नाही," त्यांनी स्वतःच निकाल देऊन टाकला. "फार गुंतागुंतीचं प्रकरण दिसतंय. उद्या काढून टाकतो."

चहा होईपर्यंत तरी थांबा, असं म्हणून मी त्यांना बसवलं. पण त्यांनी वापरलेला शब्द डोक्यात राहिला. गुंतागुंतीचं म्हणजे नक्की काय? नऊ हजार कमी झाले म्हणून ते गुंतागुंतीचं, की का कमी झाले ते कळेना म्हणून? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द वापरतात आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

युरोपात हा शब्द बोलण्याचा नाही, कायद्याचा आहे. ३ जानेवारी २०१८ पासून तिथं 'मिफिड दोन' नावाची नियमावली लागू आहे. तिनं गुंतवणुकीच्या वस्तूंचे दोन ढीग केले: गुंतागुंतीच्या आणि साध्या. गुंतागुंतीची वस्तू विकायची तर ग्राहकाला ती कळते का, पूर्वी कधी घेतली आहे का, हे विचारून घेणं दलालाला बंधनकारक. साधी वस्तू ग्राहक स्वतःहून मागत असेल तर काही न विचारता दिली तरी चालते. डब्लिन किंवा फ्रँकफर्टला नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींनी तिथल्या ॲपवर खातं उघडताना ही प्रश्नावली भरलेली असेल. तिचं मूळ इथं आहे.

या नियमावलीला आमच्या शेजाऱ्यांचा प्रश्न विचारला तर उत्तर एका ओळीत मिळतं. 'यूसिट्स' या युरोपीय चौकटीत नोंदलेले फंड साध्या ढिगात पडतात. अपवाद फक्त सूत्रबद्ध परतावा देणाऱ्या संरचित फंडांचा. रोख्यांचा साधा इंडेक्स फंड या अपवादात बसत नाही, म्हणून तो साधा. विषय संपला.

संपत नाही, कारण त्याच नियमावलीत एक गंमत आहे. एखाद्या रोख्यात आडवाटेची अट असेल, त्याच्या पोटात डेरिव्हेटिव्ह दडलेलं असेल, तर तो एकटा रोखा गुंतागुंतीच्या ढिगात जातो. तसे रोखे पोटात घेऊन बसलेला फंड मात्र साधाच राहतो. अमेरिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध रोखे निर्देशांकात सुमारे चौथा हिस्सा घरकर्जांवर आधारलेल्या रोख्यांचा असतो. हे रोखे विचित्र आहेत. व्याजदर उतरले की लोक जुनं घरकर्ज फेडून स्वस्तातलं नवं घेतात, म्हणजे ज्यानं कर्ज दिलं त्याचे पैसे नेमके नको तेव्हा परत येतात. दर चढले की कुणीच कर्ज फेडत नाही आणि पैसे नेमके हवे असतात तेव्हा अडकून राहतात. देणाऱ्याला दोन्हीकडून मार. यापेक्षा गुंतागुंतीचं काय असू शकतं? तरीही ते पोटात असलेला फंड कोट्यवधी अमेरिकी लोकांच्या निवृत्तीच्या पुंजीत निवांत पडून असतो.

म्हणजे आत काय आहे यावरून गुंतागुंत ठरत नाही. घड्याळाच्या आतली चक्रं कळत नसली तरी किती वाजले ते कळतं. प्रश्न असा विचारायला हवा की या फंडाचं वागणं बाहेरून, आधी, साध्या गणितानं सांगता येतं का? विशेषतः वाईट वर्षातलं?

त्यासाठी एक रोखा घेऊन बसू. चहा गाळेपर्यंत मी शेजाऱ्यांना वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हेच लिहून दाखवलं.

शंभर रुपयांचा सरकारी रोखा, मुदत दहा वर्षं, व्याज सात टक्के, दर सहा महिन्यांनी साडेतीन रुपये. तुम्ही तो शंभराला घेतला. दुसऱ्याच दिवशी बाजारात तशाच मुदतीचे नवे रोखे आठ टक्क्यांनी मिळू लागले. आता तुमचा सात टक्केवाला शंभराला कोण घेईल? तो विकायचा तर भाव पाडावा लागेल. किती? घेणाऱ्याला पुढची दहा वर्षं वर्षाकाठी आठ टक्केच सुटतील इतका. गणित केलं तर ९३ रुपये २० पैसे येतात. उलट दर सहा टक्क्यांवर आले असते तर तुमच्या रोख्याला १०७ रुपये ४४ पैसे मिळाले असते. दर वर तर भाव खाली, दर खाली तर भाव वर. सगळा खेळ एवढाच.

आता तेच गणित वर्षभरानं करून पाहा. दर आठवर गेलेले आहेत आणि रोख्याची नऊ वर्षं उरली आहेत. त्याचा भाव ९३ रुपये ६७ पैसे. पण मधल्या काळात व्याजाचे सात रुपये हाती आले. बेरीज १०० रुपये ६७ पैसे. दर एक टक्का चढल्यानं वर्षभराचं व्याज जवळजवळ पुरं खाल्लं, पण मुद्दल वाचलं. दर दीड टक्का चढले असते तर ते वर्ष उण्यात गेलं असतं. २०२२ मध्ये नेमकं तसं झालं. रिझर्व्ह बँकेनं मे २०२० पासून चार टक्क्यांवर धरून ठेवलेला रेपो दर ४ मे २०२२ रोजी, ठरलेली बैठक नसताना, ४.४० केला. जूनमध्ये ४.९० केला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर पोचला. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा दर २०२० च्या मध्यात सहा टक्क्यांच्या खाली होता. जून २०२२ मध्ये तो साडेसातच्या आसपास होता. शेजाऱ्यांचे नऊ हजार कुणी खाल्ले नव्हते. कुणी बुडवलंही नव्हतं. दर चढल्याचा तो हिशेब होता.

हा हिसका किती बसेल याचं माप फंडवाले दर महिन्याला छापतात. त्याला ड्युरेशन म्हणतात. वर्षांत सांगितलेला एक आकडा असतो. ड्युरेशन सात असेल तर दर एक टक्का चढल्यावर भाव ढोबळमानानं सात टक्के उतरतो. चार असेल तर चार टक्के. एवढा गुणाकार ज्याला येतो, त्याला या फंडाचं वाईट वर्ष आधी अंदाजता येतं. याच आकड्याचा दुसरा उपयोग फार कमी लोक सांगतात. दर चढल्यानं पडलेला खड्डा भरून यायलाही साधारण तितकीच वर्षं लागतात, कारण येणारं व्याज आता चढ्या दरानं गुंतत जातं. ड्युरेशन सात असलेल्या फंडात दोन वर्षांनी लागणारे पैसे ठेवले तर चूक फंडाची नाही.

शेजाऱ्यांनी इथं रास्त प्रश्न विचारला. "पण माझ्या एफडीत असं कधी होत नाही."

होतं. बँक छापत नाही, एवढंच. तुम्ही पाच वर्षांची ठेव साडेपाच टक्क्यांनी ठेवलीत आणि सहा महिन्यांनी तीच बँक सात टक्के देऊ लागली, तर तुमच्या हातातल्या पावतीचं मोल त्या दिवशी उतरलेलंच असतं. ती पावती बाजारात विकायची सोय नाही, म्हणून उतरलेला भाव कुणी लिहीत नाही. मोडायला गेलात की बँक कमी दरानं व्याज मोजते, तेव्हा थोडंसं कळतं. रोख्यांच्या फंडावर मात्र रोज संध्याकाळी एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, जाहीर करायची सक्ती आहे. आपल्याकडे दोन मूल्यांकन संस्था प्रत्येक रोख्याची रोजची किंमत देतात आणि त्यांच्या सरासरीवर एनएव्ही ठरते. जी वस्तू आपला भाव रोज सांगते ती अस्थिर वाटते, जी मुदत संपेपर्यंत तोंड उघडत नाही ती भक्कम वाटते. माणसाचा स्वभाव असा आहे. इथं ठेवीच्या बाजूनं एक खरा मुद्दा मान्य करायला हवा. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, फंडाला नाही.

आता निर्देशांकाकडे वळू, कारण फंडाच्या नावातला तो 'इंडेक्स' शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

शेअरचा निर्देशांक समजायला सोपा. सेन्सेक्समध्ये तीस कंपन्या, ज्यांचं बाजारमूल्य मोठं त्यांचा वाटा मोठा, वर्षाकाठी दोन-चार नावं बदलतात. रोख्यांचं तसं नाही. रोखे जन्मतात आणि मरतात. दर आठवड्याला नवे येतात, जुने मुदत संपून गळून पडतात. एकाच कंपनीचा शेअर एक, पण रोखे पन्नास असू शकतात. त्यातले कित्येक महिनोन्‌महिने हात बदलत नाहीत. अमेरिकेतला तो प्रसिद्ध निर्देशांक सध्या दहा हजारांहून जास्त रोख्यांचा आहे. त्याचा वंश पाहिला तर मजा वाटते. कून लोब या जुन्या पेढीनं १९७३ मध्ये रोख्यांचे पहिले निर्देशांक काढले. पुढे ती पेढी लेहमनमध्ये विलीन झाली. १९८६ मध्ये 'ॲग्रिगेट' निर्देशांक आला, त्याची आकडेवारी मागे जाऊन १९७६ पासून मोजली. २००८ मध्ये लेहमन बुडाली आणि निर्देशांक बार्कलेजकडे गेला. २०१६ मध्ये तो ब्लूमबर्गनं विकत घेतला. जगाला बुडवणाऱ्या पेढीनं मागे ठेवलेली ही एक वस्तू अजून धडधाकट आहे. फलक बदलले, दुकान चालू.

याच १९८६ सालच्या डिसेंबरात व्हॅनगार्डनं सामान्य गुंतवणूकदारांसाठी रोख्यांचा पहिला इंडेक्स फंड काढला. व्हॅनगार्डचे संस्थापक जॉन बोगल यांनी त्याआधी दशकभर शेअरच्या इंडेक्स फंडावरून भरपूर टिंगल सोसली होती. रोख्यांत तर त्यांचा मुद्दा आणखी सरळ होता. रोख्याचं उत्पन्नच मर्यादित. त्यातून फंडवाला दरवर्षी एक टक्का खर्चापोटी काढत असेल तर उरतं काय? सात टक्क्यांतला एक टक्का म्हणजे सातवा हिस्सा. शेअरच्या फंडातल्या एक टक्क्यापेक्षा हा फार जास्त बोचतो. भारतात २०१९ च्या डिसेंबरात आलेल्या 'भारत बाँड' या ईटीएफचा, म्हणजे बाजारात शेअरसारख्या विकल्या जाणाऱ्या फंडाचा, खर्च ०.०००५ टक्के ठेवला होता. दोन लाख रुपयांमागे वर्षाला एक रुपया. पहिल्याच फेरीत त्यात बारा हजार कोटी रुपयांहून अधिक जमले.

पण एक जुनी तक्रार अजून उभी आहे. शेअरच्या निर्देशांकात मोठ्या कंपनीला मोठा वाटा मिळतो. रोख्यांच्या निर्देशांकात मोठा वाटा मिळतो तो मोठ्या कर्जदाराला. गावच्या पतपेढीनं असा ठराव केला, की ज्याच्या डोक्यावर सर्वांत जास्त कर्ज त्यालाच पुढचं कर्ज आधी, तर सभासद वार्षिक सभा डोक्यावर घेतील. निर्देशांक मात्र नेमकं हेच करतो. अमेरिकी सरकारनं कर्ज वाढवलं तसा निर्देशांकातला सरकारी हिस्सा वाढत गेला. आज तो ४० टक्क्यांहून अधिक आहे. कर्जदारांनी स्वस्ताईच्या काळात लांब मुदतीची कर्जं उचलली तसं निर्देशांकाचं ड्युरेशनही वाढलं, २०२१ पर्यंत ते सहाच्या बरंच पुढे गेलं होतं. फंडाचं नाव तेच, माहितीपत्रक तेच, पण हिसका सोसायची ताकद पूर्वीपेक्षा जास्त लागणार होती. २०२२ मध्ये हा निर्देशांक १३ टक्के उतरला. १९७६ पासूनच्या मोजणीतलं ते सर्वांत वाईट वर्ष.

तर हा मुद्दा फंडाच्या विरोधात लिहून ठेवा. निर्देशांक स्थिर नसतो, कर्जदारांच्या सोयीनं तो बदलत जातो. तरी आकडा दर महिन्याला छापलेला असतो, हेही लिहून ठेवा.

युरोपातल्या नियमावलीत वस्तू साधी ठरवण्याच्या काही कसोट्या आहेत. त्या आपल्या कामाच्या आहेत, कारण त्या अगदी व्यवहारी आहेत. घातलेल्या पैशापेक्षा जास्त नुकसान होऊ शकतं का? रोख्यांच्या फंडात नाही. बाहेर पडताना जबर दंड आहे का? इथल्या इंडेक्स फंडांत सहसा नाही किंवा नाममात्र. माहिती उघड आणि समजण्यासारखी आहे का? बऱ्याच अंशी. उरतात दोन, आणि खरी कसोटी त्यांत आहे.

पहिली: केव्हाही, सर्वांना दिसणाऱ्या भावानं विकता येतं का? मार्च २०२० मध्ये करोनाच्या धसक्यानं अमेरिकेतले रोख्यांचे व्यवहार गोठले. १२ मार्चला व्हॅनगार्डचा तो १९८६ सालचा फंड ईटीएफच्या रूपात एनएव्हीपेक्षा सुमारे सहा टक्के कमी भावानं विकला जात होता. आत दर्जेदार रोखे, बाहेर लिलावाची कळा. काही आठवड्यांत ती दरी बुजली. विकत घेणाऱ्याची चांदी झाली आणि घाबरून विकणाऱ्याचे सहा टक्के गेले. आपल्याकडच्या ईटीएफमध्ये खरेदी-विक्रीची वर्दळ कमी असल्यानं अशी दरी शांत दिवसांतही दिसू शकते. म्हणून ज्याला डीमॅट खात्याची सवय नाही त्यानं ईटीएफच्या वाटेला न जाता साधा इंडेक्स फंड घ्यावा, तिथं एनएव्हीचा भाव मिळतो. हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

त्याच वर्षी २३ एप्रिलला आपल्याकडे फ्रँकलिन टेम्पलटननं सहा डेट, म्हणजे रोख्यांच्या, योजना बंद केल्या, सुमारे पंचवीस हजार कोटी रुपये अडकले. पैसे पुढे टप्प्याटप्प्यानं परत मिळाले, पण 'डेट फंड' या शब्दाचा धसका लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही. त्या योजना इंडेक्स फंड नव्हत्या. जास्त परताव्यासाठी कमी पतमानांकनाचे, विकायला अवघड असलेले रोखे त्यांनी निवडून घेतले होते. सरकारी रोखे भरलेल्या फंडाला त्या पंक्तीत बसवणं अन्यायाचं आहे. पण 'डेट' म्हणजे सगळं एकच, असं समजून विकणाऱ्यांनीच हा गोंधळ पेरला, हेही खरं.

दुसरी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वस्तूचा स्वभावच पालटून टाकील असं एखादं कलम तिच्यात दडलेलं आहे का? येस बँकेचे 'अतिरिक्त टीअर एक' रोखे आठवा. व्याजाचा दर ठेवीपेक्षा चांगला, नाव बँकेचं, पावतीसारखा कागद. कलमांत लिहिलेलं होतं की बँक संकटात आली तर हे रोखे शून्यावर आणता येतील. मार्च २०२० मध्ये बँक वाचवताना ८,४१५ कोटी रुपयांचे असे रोखे एका फटक्यात पुसले गेले. मामला कोर्टात गेला. ते रोखे घेतलेल्यांत निवृत्त माणसंही होती. इथं ड्युरेशनचा गुणाकार काही सांगू शकला नसता. सगळं बरं चाललेलं असताना ती वस्तू एक होती, आणि कलम लागू झालं त्या दिवशी दुसरीच. गुंतागुंत म्हणतात ती ही. अमेरिकेतल्या दलालांवर देखरेख करणाऱ्या 'फिनरा'नं २०१२ च्या सूचनापत्रात जवळपास हीच खूण सांगितली होती: वेगवेगळ्या परिस्थितीत परताव्यावर वेगवेगळा परिणाम करणारी वैशिष्ट्यं एकाच वस्तूत एकत्र आली की सावध व्हा.

रोख्यांच्या इंडेक्स फंडात असं कलम नसतं. दर चढले की तो उतरतो, उतरले की चढतो, कर्जदार बुडाला तर त्याच्या वाट्याएवढं नुकसान होतं. चांगल्या वर्षी आणि वाईट वर्षी तो एकाच नियमानं वागतो. म्हणून मी त्याला साधा म्हणतो. तोटा होऊ शकणारा, पण साधा. भुईमुगाचं पीक साधं असतं. पाऊस गेला तर तेही जातं.

आपल्याकडे बाजारनियामक सेबी गुंतागुंतीच्या वस्तूंना दुसऱ्या मार्गानं चाळणी लावते: दार उंच करून. 'अतिरिक्त टीअर एक' रोख्यांना ऑक्टोबर २०२० मध्ये किमान एक कोटीची मर्यादा लावून किरकोळ गुंतवणूकदाराला बाहेर काढलं. एप्रिल २०२५ पासून आलेल्या स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंडांत डावपेच जास्त, म्हणून तिथं किमान दहा लाख. इंडेक्स फंडाला असं दार नाही. बहुतेक ठिकाणी काही शे रुपयांत आत जाता येतं. त्यावरून सेबीचं मत काय ते ओळखा.

करापुरती गुंतागुंत मात्र फंडानं नाही, सरकारनं आणली. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा फंडाचा नफा कितीही वर्षांनी काढला तरी तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार करपात्र. त्याआधी घेतलेल्या इंडेक्स फंडाचे युनिट दोन वर्षांहून जास्त ठेवून २३ जुलै २०२४ पासून पुढे विकले तर साडेबारा टक्के, महागाईची वजावट नाही. एकाच फंडात दोन तारखांना पैसे घातलेल्या माणसाला दोन हिशेब ठेवावे लागतात. मुदत ठेवीपुढे एवढाच फायदा उरला, की ठेवीच्या व्याजावर दरवर्षी कर लागतो, फंडात तो काढताना लागतो.

शेजाऱ्यांच्या फंडाकडे परत येतो, कारण 'टार्गेट मॅच्युरिटी' हे दोन शब्द त्यांनी वाचलेच नव्हते. रोख्यांच्या इंडेक्स फंडांच्या दोन जाती आहेत. एक बारमाही: दहा वर्षांचे रोखे धरायचे, ते नऊ-आठ वर्षांचे झाले की विकून पुन्हा दहाचे घ्यायचे. त्याचं वय वाढत नाही, म्हणून हिसकाही कमी होत नाही. दुसरी मुदतीची. तिच्यात सगळे रोखे एका ठरलेल्या तारखेच्या आसपास संपतात. त्यांच्या फंडाची तारीख एप्रिल २०२७ होती आणि आत सार्वजनिक उपक्रमांचे रोखे व राज्य सरकारांचे कर्जरोखे होते, त्यात महाराष्ट्राचेही. हे कर्जरोखे रिझर्व्ह बँक दर आठवड्याला लिलावात विकते. त्यांना केंद्राची लेखी हमी नसते, म्हणून केंद्राच्या रोख्यांपेक्षा त्यांवर किंचित जास्त परतावा मिळतो. मुदतीच्या फंडाचं ड्युरेशन दरवर्षी आपोआप घटतं. पाच वर्षं उरली असताना लागणारा धक्का एक वर्ष उरल्यावर चौथ्या हिश्शाएवढाही लागत नाही. घेताना जो परतावा दर छापलेला असतो, त्याच्या आसपास, खर्च वजा जाता, शेवटपर्यंत थांबणाऱ्याच्या हाती येतो. ठेवीच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही म्युच्युअल फंडांत नाही. नेमक्या त्याच फंडात त्यांना सर्वांत जास्त भीती वाटत होती.

त्यांनी अर्धे पैसे तरी काढलेच. मुलीच्या घराचं काम निघालं होतं, असं नंतर कळलं. ते पैसे पाच वर्षांच्या फंडात घालायला नको होते, आणि फॉर्म भरून घेणाऱ्यानं ते कधी लागणार आहेत हे विचारायला हवं होतं. उरलेले दोन लाख त्यांनी ठेवले.

हे विचारायची जबाबदारी दुसऱ्यावर सोडायची नसेल तर एक छोटी सोय आहे. १ डिसेंबर २०२१ पासून प्रत्येक डेट योजनेला सेबीनं एक नऊ घरांचा चौकोन छापायला लावला आहे. उभ्या बाजूला व्याजदराची जोखीम, एक ते तीन. आडव्या बाजूला पत-जोखीम, ए ते सी. 'ए-एक' म्हणजे दोन्ही कमी. 'सी-तीन' म्हणजे दोन्ही जास्त. सरकारी रोख्यांचे लांब मुदतीचे फंड बहुतेक 'ए-तीन' या घरात असतात: बुडण्याची शक्यता तुलनेनं कमी, पण मधल्या काळात भाव खाली-वर होणार. वेगळ्या रंगीत रिस्कोमीटरवर हे दोन्ही धोके एकाच काट्यात मिसळलेले दिसतात, त्यामुळे तो पाहून कशाची भीती बाळगायची ते कळत नाही. चौकोनात कळतं. तो अर्जाच्या पहिल्या पानावरच असतो. सही करण्याआधी तेवढा पाहा, आणि मुदतीचा फंड असेल तर नावातलं वर्ष वाचा.